वाचकांचे प्रश्न : रिकामे पिस्तूल आणि ट्रिगरवरचे बोट

मागील अंकातील लेखात मी ‘ड्राय फायर’चा, म्हणजे पूर्णपणे रिकाम्या पिस्तुलाने शॉटची सारी क्रिया करून फक्त ट्रिगर दाबण्याच्या सरावाचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी पुष्कळ प्रश्न एकसारखे असल्याने ते एकत्र करून येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी दीड वर्षापासून १० मीटर एअर पिस्तूल प्रकारात उजव्या हाताने सराव करते. हात बऱ्यापैकी स्थिर राहतो, साइटही (नेम धरण्यासाठी पिस्तुलावर पुढे-मागे असलेल्या खुणा) जुळलेली दिसते; तरीही दर दहा शॉटमागे दोन-तीन शॉट खाली डावीकडे, सात किंवा आठच्या वर्तुळात जातात. ‘ट्रिगर झटकू नकोस’ असे प्रशिक्षक सांगतात, पण मला झटका दिल्याचे मुळीच जाणवत नाही. नेमके काय चुकत असावे?

उत्तर : उजव्या हाताने नेम धरणाऱ्याचे शॉट पुन्हा पुन्हा खाली डावीकडे जात असतील, तर बहुतेक वेळा तर्जनीबरोबर सबंध पंजा आवळला जात असतो. बोटे वाकवणारे स्नायू कोपराखालच्या भागात एकमेकांना लागून असतात आणि एका बोटाला घाईने हुकूम मिळाला की शेजारची बोटेही थोडीफार आवळली जातात. आपण ट्रिगर दाबला असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात करंगळी आणि अनामिका यांनीही ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, दाबलेली असते, आणि त्यामुळे नळीचे तोंड खाली व आतल्या बाजूला वळते. ही हालचाल इतकी लहान असते की ती हाताला जाणवत नाही. ती फक्त डोळ्याला दिसू शकते, तीही डोळा त्या क्षणी पुढच्या साइटवर खिळलेला असेल तरच.

एवढ्याशा हालचालीने सात-आठचे वर्तुळ कसे गाठले जाते, हा प्रश्न साहजिक आहे आणि त्याचे उत्तर साध्या भूमितीत आहे. आपल्या पिस्तुलाच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधील अंतर ३३० मिलिमीटर आहे असे समजा. लक्ष्य १० मीटरवर, म्हणजे या अंतराच्या सुमारे तीस पट दूर आहे. म्हणून मागच्या साइटच्या खाचेत पुढची साइट अर्धा मिलिमीटर जरी सरकली, तरी लक्ष्यावर शॉट सुमारे १५ मिलिमीटर सरकतो. एअर पिस्तूलच्या लक्ष्यावर दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि त्यापुढचे प्रत्येक वर्तुळ ८ मिलिमीटर रुंद असते. म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या चुकीने जवळजवळ दोन गुण जातात. याउलट दोन्ही साइट परस्परांशी अचूक जुळलेल्या असताना सबंध हात ५ मिलिमीटर इकडे-तिकडे डोलला, तर शॉटही ५ मिलिमीटरच सरकतो. हात डोलण्याची भीती बाळगून आपण तो थांबवण्यासाठी धडपडतो आणि त्या धडपडीत ट्रिगर झटकून साइटची जुळणी मोडतो. यात आपण लहान चूक टाळण्यासाठी मोठी चूक करत असतो. हे गणित कागदावर एकदा स्वतः मांडून पाहावे असा माझा आग्रह आहे, कारण ते पटल्याखेरीज बोट शांत होत नाही.

दुसरे कारण वेळेचे आहे. नेम धरलेला असताना पुढची साइट संथपणे हलत असते, मधूनच ती अगदी योग्य जागी येते, आणि मन म्हणते, ‘आत्ता!’ डोळ्याने पाहिलेले मेंदूला कळून बोट हलेपर्यंत साधारण एक पंचमांश सेकंद गेलेला असतो. तेवढ्यात साइट ती जागा सोडून पुढे गेलेली असते, शिवाय घाईने दिलेल्या आज्ञेमुळे पंजा आवळला गेलेला असतो. म्हणून योग्य क्षण पकडण्याचे काम बोटाकडे सोपवूच नये. साइटची जुळणी नीट आहे आणि हात आपल्या नेहमीच्या लहानशा परिघात डोलतो आहे, एवढे दिसले की दाब वाढवायला सुरुवात करावी आणि तो एकसारखा, न थांबता, सरळ मागच्या दिशेने वाढत राहू द्यावा. ट्रिगर नेमका कधी सुटेल हे आपल्याला सेकंदाच्या अंशापर्यंत ठाऊक नसावे. तो सुटेल एवढीच खात्री असावी.

आपल्याला झटका जाणवत नाही, याचे आणखी एक कारण मला बहुतेक नेमबाजांत दिसते. ट्रिगर सुटण्याच्या आधीच त्यांची नजर पुढच्या साइटवरून उडून लक्ष्याकडे किंवा गुण दाखवणाऱ्या पडद्याकडे धावलेली असते. झटक्याचा जो एकमेव साक्षीदार, तोच जागेवर नसतो. रिकाम्या पिस्तुलाचा सराव येथे उपयोगी पडतो. त्यात पाहण्यासारखा गुण नसतो, छिद्र नसते आणि पिस्तुलाला धक्काही बसत नाही. ट्रिगर सुटताना पुढची साइट हलली तर ती केवळ आपल्या हातामुळेच हललेली असते. पुढील पंधरा दिवस आपण ‘क्लिक होताना पुढची साइट कोणत्या दिशेला गेली?’ हा एकच प्रश्न स्वतःला विचारावा. प्रत्येक वेळी उत्तर देता येऊ लागले, की निम्मे काम झाले असे समजावे.

प्रश्न : घरी असा सराव करणे सुरक्षित आहे का? वारंवार रिकामा ट्रिगर दाबल्याने पिस्तूल बिघडते असेही ऐकले आहे.

उत्तर : सुरक्षिततेबाबत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही, म्हणून आधी तेच सांगतो. ड्राय फायर हा एकच सराव असा आहे, की ज्यात आपण रेंजबाहेर, म्हणजे नेमबाजीच्या मैदानाबाहेर, जाणीवपूर्वक ट्रिगर दाबतो. म्हणून येथे चुकीला जागा ठेवता येत नाही.

ज्या खोलीत सराव करायचा त्या खोलीत एकही काडतूस किंवा छर्रा नसावा. ‘कपाटात बंद आहेत’ हे पुरेसे नाही, ते दुसऱ्या खोलीत असावेत. पिस्तूल रिकामे आहे याची खात्री करताना क्रम महत्त्वाचा आहे. स्वयंचलित भरणाऱ्या पिस्तुलात आधी मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढावे आणि मगच स्लाइड (पिस्तुलाचा मागे-पुढे सरकणारा वरचा भाग) मागे ओढून चेंबर (नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसण्याची जागा) तपासावे. हा क्रम उलटा झाला तर स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधले काडतूस चेंबरमध्ये जाते, आणि नंतर मॅगझिन काढून टाकले तरी पिस्तूल भरलेलेच राहते. चेंबर डोळ्यांनी पाहावे, करंगळी घालून चाचपावे, नजर दुसरीकडे फिरवावी आणि पुन्हा एकदा तपासावे. रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर बाहेर काढून प्रत्येक घर पाहावे. एअर पिस्तुलात छर्रा भरण्याची जागा तर पाहावीच, शिवाय नळीत अडकलेला छर्रा नाही याची खात्री करण्यासाठी नळीतून भडक रंगाची सुरक्षा-दोरी आरपार घालून पाहावी.

यानंतरही पिस्तूल भरलेले आहे असे धरूनच दिशा निवडावी. समोरची भिंत गोळी थांबवू शकेल अशी भरीव असावी. खोल्यांमधल्या पातळ आडभिंती गोळी थांबवत नाहीत, आणि त्यांच्या पलीकडे माणसे असतात. आरशातल्या प्रतिमेवर, टीव्हीच्या पडद्यावर किंवा माणसाच्या दिशेने नेम धरणे मला कोणत्याही सबबीखाली मान्य नाही. सराव चालू असताना फोन आला किंवा कोणी दारावर आले आणि पिस्तूल हातातून खाली ठेवले, तर परतल्यावर सारी तपासणी पहिल्यापासून करावी.

सर्वांत धोक्याची वेळ सराव संपल्यानंतरची असते. काडतुसे परत आणलेली असतात, पिस्तूल कदाचित भरलेले असते, आणि मनात येते, ‘शेवटचा एक शॉट घेऊ या.’ हा मोह टाळण्यासाठी मी एक साधी सवय लावून घेतली आहे आणि शिकणाऱ्यांनाही ती लावतो. सराव संपला की भिंतीवरचे लक्ष्य काढून टाकायचे, ‘आजचा सराव संपला’ असे मोठ्याने म्हणायचे आणि पिस्तूल कुलुपात ठेवायचे. भिंतीवर लक्ष्यच नसेल तर शेवटचा शॉट घेण्याचे निमित्तही उरत नाही. घरात मुले असतील तर सरावाच्या वेळी खोलीचे दार बंद असावे. परवाना, साठवण आणि वाहतूक यांविषयी आपल्या ठिकाणी जे नियम लागू असतील ते या साऱ्याच्या आधी येतात.

आता पिस्तूल बिघडण्याविषयी. याचे उत्तर पिस्तुलाच्या रचनेवर अवलंबून आहे. आजच्या बहुतेक सेंटरफायर पिस्तुलांना, म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात करणाऱ्या पिस्तुलांना, बेताचा ड्राय फायर सोसतो, पण काही जुन्या रचनांमध्ये फायरिंग पिन, म्हणजे आघात करणारी सळई, तुटू शकते. म्हणून उत्पादकाची पुस्तिका वाचावी आणि शंका असेल तर स्नॅप कॅप, म्हणजे स्फोटक नसलेले सरावाचे काडतूस, वापरावे. पॉइंट टू टू (०.२२ इंची) रिमफायर पिस्तुलाची गोष्ट वेगळी आहे. रिमफायर काडतुसाच्या काठावर आघात व्हावा म्हणून फायरिंग पिन चेंबरच्या कडेसमोर असते. चेंबर रिकामे असेल तर काही पिस्तुलांत ती थेट चेंबरच्या कडेवर आपटते, तिथे खाच पडते आणि पिनचे टोकही बोथट होते. अशा पिस्तुलात रिकामा ट्रिगर दाबू नये. स्पर्धेच्या एअर पिस्तुलांत बहुधा ड्राय फायरसाठी वेगळी कळ असते. ती फिरवली की हवा न सोडता ट्रिगर खऱ्यासारखाच चालतो. मात्र स्प्रिंग आणि पिस्टनवर चालणारे साधे एअर पिस्तूल छर्ऱ्याशिवाय कधीही झाडू नये, कारण समोर छर्ऱ्याचा अडसर नसल्याने पिस्टनला हवेची उशी मिळत नाही आणि तो जोराने आदळतो.

प्रश्न : ट्रिगर हलका करून घेतला तर हा सारा प्रश्न सुटणार नाही का?

उत्तर : सुटणार नाही, फक्त झाकला जाईल. स्पर्धेत त्याला मर्यादाही आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार १० मीटर एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा आणि २५ मीटर पिस्तुलाचा किमान १००० ग्रॅमचा असावा लागतो; नळी उभी धरून ट्रिगरला तेवढे वजन टांगतात आणि ते उचलले गेले पाहिजे. वजन कमी करण्यापेक्षा ट्रिगरची ठेवण आपल्या बोटाला अनुरूप करून घेण्यात अधिक लाभ आहे. दोन टप्प्यांच्या ट्रिगरमध्ये भाराचा मोठा वाटा पहिल्या टप्प्यात घेतला तर दुसऱ्या टप्प्यासाठी थोडाच दाब उरतो. ट्रिगर सुटल्यानंतरची मोकळी हालचाल थांबवणारा स्क्रू नीट बसवला तर बोट मागे आपटत नाही. ट्रिगरच्या पात्यावर बोटाच्या पहिल्या पेराचा मधला भाग यावा आणि बोटाचा उरलेला भाग ग्रिपला न टेकता मोकळा असावा. बोट ग्रिपला घासत असेल तर मागे जाणाऱ्या दाबाबरोबर आडवा दाबही पडतो. रोजच्या संरक्षणासाठी बाळगलेल्या पिस्तुलाचा ट्रिगर मात्र हलका करण्याच्या फंदात कोणी पडू नये.

प्रश्न : मी रोज रात्री दोनशे वेळा ड्राय फायर करतो. तीन महिने झाले, पण गुणांत फरक पडलेला नाही. आकडा वाढवावा का?

उत्तर : आकडा कमी करावा. दोनशे वेळा ट्रिगर दाबताना शेवटच्या दीडशे वेळा आपण काय पाहिले हे आपल्याला सांगता येईल का, याचा विचार करावा. थकलेल्या खांद्याने आणि भटकलेल्या नजरेने केलेली प्रत्येक पुनरावृत्तीही बोटात मुरत असते, आणि बोट चांगले-वाईट निवडत नाही. तीन महिन्यांत आपण झटका अधिक पक्का केला असण्याचीही शक्यता आहे. हे कठोर वाटेल, पण आपल्या चिकाटीबद्दल मला आदर आहे आणि ती योग्य जागी लागावी असे मनापासून वाटते.

मी सुचवतो तो क्रम असा. रोज वीस मिनिटे आणि तीस ते चाळीस शॉट, त्याहून अधिक नाही. सुरुवातीला समोर लक्ष्य ठेवूच नये. पांढरी, कोरी भिंत असावी. लक्ष्य नसले की ‘आत्ता!’ म्हणण्यासारखा क्षणच येत नाही. डोळ्याला पाहण्यासाठी पुढची साइट आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या प्रकाशाच्या दोन फटी एवढेच उरते. त्या फटी सारख्या रुंदीच्या आहेत का, पुढच्या साइटचा माथा मागच्या साइटच्या माथ्याशी समतल आहे का, आणि क्लिक होतानाही ते तसेच राहते का, हे पाहावे. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, आणि पिस्तुलाच्या नेमबाजीत तो स्पष्टपणा पुढच्या साइटचा हक्काचा आहे. कोऱ्या भिंतीवर दहापैकी नऊ शॉटमध्ये साइट हलली नाही असे प्रामाणिकपणे म्हणता येईपर्यंत पुढे जाऊ नये. कित्येकांना त्यासाठी महिना लागतो, आणि तो महिना मला कधीच वाया गेलेला दिसला नाही.

त्यानंतर लक्ष्य लावावे, पण ते मापात असावे. १० मीटरच्या लक्ष्यावरील काळ्या भागाचा व्यास ५९.५ मिलिमीटर असतो. घरी तीन मीटरवरून सराव करायचा तर तो वर्तुळाकार ठिपका सुमारे १८ मिलिमीटरचा काढावा, म्हणजे डोळ्याला तो तेवढाच दिसतो. उंचीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. रेंजवर लक्ष्याचे केंद्र जमिनीपासून १.४० मीटर उंचीवर असते. आपले डोळे जमिनीपासून १.६० मीटरवर असतील तर १० मीटरच्या अंतरात नजर २० सेंटिमीटर खाली उतरते, आणि तीन मीटरवर ती फक्त ६ सेंटिमीटर उतरेल. म्हणून घरच्या भिंतीवरचा ठिपका १.५४ मीटरवर असावा. तो १.४० वर लावला तर हाताचा कोन बदलतो आणि खांद्याला भलत्याच उंचीची सवय लागते.

प्रत्येक शॉट पूर्ण असावा. पायांची ठेवण, ग्रिप, श्वास, हात वर नेऊन लक्ष्यावर आणणे, पहिल्या टप्प्याचा दाब घेणे, नजर पुढच्या साइटवर स्थिरावणे, दाब वाढवत नेणे, आणि क्लिक झाल्यावरही दोन सेकंद तसेच उभे राहून साइटकडे पाहत राहणे. हा शेवटचा भाग, ज्याला आपण फॉलो-थ्रू म्हणतो, तो गाळला तर शॉटची तपासणीच होत नाही. हात लक्ष्यावर स्थिरावल्यापासून आठ-दहा सेकंदांत ट्रिगर सुटला नाही, तर हात खाली घ्यावा. त्यापुढे थकवा वाढू लागतो, आणि डोळा तर आधी पाहिलेलेच चित्र पाहत राहतो. साइट हलली तरी ती जुळलेलीच भासते. शॉट सोडून देणे हेही ट्रिगरवरचे नियंत्रणच आहे आणि त्याचाही सराव लागतो. माझ्या शिकण्याच्या काळात मी कित्येक महिने एकही शॉट सोडला नव्हता, कारण हात खाली घेणे मला अपयश वाटत असे. त्या काळातील माझे सर्वांत वाईट शॉट बहुतेक सारे बाराव्या-पंधराव्या सेकंदाचे होते.

नळीवर, पुढच्या साइटच्या मागे, एक नाणे आडवे ठेवून ते न पडता ट्रिगर दाबण्याचा जुना प्रयोग अनेकांना ठाऊक असेल. त्याने मोठा झटका उघडा पडतो, म्हणून नवशिक्यांसाठी तो चांगला आहे. पण अर्धा मिलिमीटरची चूक नाण्याला कळत नाही. ती डोळ्यालाच पाहावी लागते. ज्या पिस्तुलात दर वेळी स्लाइड ओढल्याखेरीज ट्रिगर पुन्हा सज्ज होत नाही, त्यांच्या बाबतीत मधला व्यत्यय त्रासाचा वाटतो. मी त्याकडे सोय म्हणून पाहतो. प्रत्येक शॉटसाठी ग्रिप नव्याने धरावी लागते, आणि तसे व्हायलाच हवे.

एक छोटी वही ठेवावी. प्रत्येक क्लिकनंतर पुढची साइट कुठे होती तेवढेच लिहावे, ‘स्थिर’, ‘डावीकडे’, ‘खाली’, ‘दिसली नाही’. यातली ‘दिसली नाही’ ही नोंद सर्वांत मोलाची आहे आणि ती लिहायला सर्वांत जास्त प्रामाणिकपणा लागतो. सुरुवातीला तीच वारंवार लिहावी लागेल. ती कमी होत गेली की रेंजवर, पडद्याकडे न पाहता, ‘हा नऊ, उजवीकडे’ असे आधी सांगता येऊ लागते. गुण वाढण्याच्या आधी हा बदल येतो. म्हणून तीन महिन्यांनी गुणांपेक्षा आपले असे किती अंदाज बरोबर आले हे मोजावे.

प्रश्न : रिकाम्या पिस्तुलाने माझा ट्रिगर अगदी मऊ सुटतो, पण रेंजवर ९ मिलिमीटरचे काडतूस भरले की पहिल्या शॉटपासून नळी खाली जाते. मग घरच्या सरावाचा उपयोग काय?

उत्तर : घरच्या सरावाने आपल्या बोटाला काय करायचे ते कळले आहे हे सिद्ध झाले, आता अडथळा बोटात नसून अपेक्षेत आहे. आवाज आणि धक्का येणार हे शरीराला ठाऊक असते आणि धक्का बसण्याच्या आधीच ते त्याविरुद्ध जोर लावते. डोळे मिटतात, मनगट खाली दाबले जाते, आणि गोळी नळीतून निघण्यापूर्वी नळी झुकलेली असते. ड्राय फायरची ही मर्यादा मान्य केली पाहिजे. धक्का सोसण्याची आणि त्यानंतर साइट परत जागेवर आणण्याची सवय रिकाम्या पिस्तुलाने लागत नाही.

यावरचा उपाय रेंजवरच, आणि तिथल्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, करायचा आहे. सहकाऱ्याला आपले मॅगझिन भरायला सांगावे आणि त्यात खऱ्या काडतुसांमध्ये एक-दोन स्नॅप कॅप आपल्याला न कळतील अशा जागी घालायला सांगावे. स्नॅप कॅप आली की आवाज होत नाही, आणि नळी किती झुकली ते आपल्याला लख्ख दिसते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते दृश्य फार लागते. माझ्या पाहण्यात अनुभवी नेमबाजही त्या वेळी निःशब्द झाले आहेत. येथे एक खबरदारी हवी. आवाज न झालेले काडतूस स्नॅप कॅपच असेल असे गृहीत धरू नये. ते उशिरा पेटणारे खरे काडतूस असू शकते, म्हणून नळी लक्ष्याच्या दिशेनेच ठेवून किमान अर्धा मिनिट थांबावे आणि मगच स्लाइड ओढावी.

झटका दिसला की लगेच पिस्तूल रिकामे करून, तिथेच, त्याच जागी उभे राहून पाच ड्राय शॉट घ्यावेत, मग एक खरा, पुन्हा पाच ड्राय. पैसे आणि काडतुसे वाचतात हा दुय्यम लाभ. मुख्य लाभ असा की खऱ्या शॉटच्या वेळी शरीराला नुकत्याच घेतलेल्या पाच शांत शॉटची आठवण ताजी असते. आवाजाचा वाटाही कमी करावा. कानात बोळे आणि त्यावर इअर मफ असे दुहेरी संरक्षण घेतले की अनेकांचा निम्मा झटका नाहीसा होतो. ज्यांना शक्य असेल त्यांनी काही आठवडे पॉइंट टू टू पिस्तुलावर परतावे. त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न : अपघातात माझ्या उजव्या मनगटाला कायमची इजा झाली आहे. पन्नाशीच्या उंबरठ्यावर डाव्या हाताने नव्याने शिकता येईल का?

उत्तर : हंगेरीचे कारोय टाकाच यांच्या उजव्या हातात १९३८ साली सैन्यातील प्रशिक्षणादरम्यान सदोष हातबॉम्ब फुटला. त्यांनी इतरांच्या नकळत डाव्या हाताने सराव केला, पुढच्याच वर्षी हंगेरीचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले, आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदके जिंकली. लंडनला त्यांचे वय ३८ होते. त्यांच्यासारखे यश सर्वांना मिळेल असे मी म्हणणार नाही, पण दुसऱ्या हाताचे बोट शिकू शकते याविषयी शंका उरत नाही.

एका बाबतीत तर आपली स्थिती नवशिक्याहूनही चांगली आहे. आपल्या डाव्या बोटाला झटक्याची जुनी सवय नाही, आणि डोळ्याला चांगला शॉट कसा दिसतो हे आधीच ठाऊक आहे. अडचण डोळ्याचीच येऊ शकते. आपला प्रबळ डोळा, म्हणजे नेम धरताना आपण ज्यावर अधिक विसंबतो तो, उजवा असेल तर डाव्या हातातील साइट त्याच्यासमोर आणण्यासाठी मान वळवू नये. उजव्या डोळ्यापुढे अर्धपारदर्शक पट्टी लावून डाव्या डोळ्याने पाहण्याची सवय करावी, आणि ती पट्टी पहिल्या दिवसापासून लावावी. आधी डॉक्टरांना विचारून खांदा आणि मनगट यांना झेपेल एवढाच भार ठरवून घ्यावा, आणि पहिले काही आठवडे कोऱ्या भिंतीवर, दहा-बारा शॉटपलीकडे न जाता सराव करावा. स्पर्धेच्या पिस्तुलाची ग्रिप पंजाच्या आकाराची कोरलेली असते, त्यामुळे उजव्या हाताची ग्रिप डाव्या हातात बसत नाही आणि अंगठ्याच्या मुळाशी दाब देऊन बोटाची दिशाच बदलून टाकते. डाव्या हाताची ग्रिप मिळेपर्यंत ट्रिगरच्या सरावाला हात घालू नये.